वाचकांचे प्रश्न : व्हिसा कुणाच्या नावावर?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका गावात राहते. यंदाच बेळगावच्या एका महाविद्यालयातून संगणकशास्त्राची अभियांत्रिकी पदवी पूर्ण केली आणि पुण्यातील एका कंपनीत मला नोकरीही मिळाली आहे. रुजू व्हायला अजून दोन महिने आहेत. महाविद्यालयात माझ्या पुढे तीन वर्षे असलेल्या एका मुलावर माझे प्रेम आहे. तो बैलहोंगलकडचा, कन्नड भाषक लिंगायत कुटुंबातील असून सध्या जर्मनीत, म्युनिकजवळ नोकरी करतो. त्याच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्याचा परवाना, आहे. डिसेंबरमध्ये तो तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येणार आहे. तेव्हा आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करावे, मी पत्नीच्या व्हिसावर तिकडे यावे आणि घरच्यांना सावकाश सांगावे, कारण सगळ्यांत सोपा मार्ग तोच आहे, असे त्याचे म्हणणे आहे. मला जायचे आहे. त्याच्यासाठी जायचे आहे आणि मी जे शिकले ते काम करण्यासाठीही जायचे आहे.

माझे आप्पा भाताची शेती करतात. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते महाविद्यालयात होते आणि काही दिवस तुरुंगातही होते. आजही १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, ते निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून फेरीला जातात. त्यांना हे कसे सांगावे, ते मला सुचत नाही. माझा जन्मदाखला, दहावीचे गुणपत्रक, असे सगळे जुने कागद त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत आणि ट्रंकेची किल्ली देवघरातल्या कोनाड्यात असते. मी रोज ती किल्ली पाहते, पण हात पुढे जात नाही. मी काय करावे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या किल्लीपाशी थांबले. तिच्याकडे शेवटी येते. आधी कायद्याचे आणि कागदांचे बोलते, कारण ‘सगळ्यांत सोपा मार्ग’ या शब्दांवर तुम्ही आयुष्याचा एक मोठा निर्णय बेतला आहे, आणि तो मार्ग खरोखर कसा आहे हे तुम्हाला नीट ठाऊक असायला हवे.

त्या मुलाचे म्हणणे एका अर्थी खरे आहे. नुसत्या प्रेमाला जर्मनी व्हिसा देत नाही, लग्नाला देते. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला व्हिसासाठी जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षासुद्धा द्यावी लागत नाही आणि तिथे पोचल्यावर तिला कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. मात्र या परवान्याची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. पत्नी म्हणून मिळालेला वास्तव्याचा परवाना त्या लग्नावर उभा असतो. जर्मनीत पती-पत्नी म्हणून किमान तीन वर्षे एकत्र राहिल्यानंतरच जोडीदाराला स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क मिळतो. त्याआधी संसार मोडला, तर छळासारखे कठोर प्रसंग वगळता तिथे राहण्याचा आधारच डळमळतो. मी त्या मुलावर अविश्वास दाखवत नाही. तो चांगला असेल, आणि असावाच अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु चार वर्षे खपून मिळवलेली पदवी हातात असताना परक्या देशातील तुमचे पाऊल दुसऱ्याच्या नोकरीवर आणि दुसऱ्याच्या मनःस्थितीवर टेकलेले असू नये, असे मला वाटते. एखाद्या दिवशी तुमचे कडाक्याचे भांडण झाले, तर ‘आपण इथे कोणत्या कागदावर आहोत’ हा विचार तुमच्या मनात येता कामा नये.

तुमच्या स्वतःच्या नावाने जाण्याचे मार्ग आहेत. ते लांबचे आहेत, पण बंद नाहीत. पहिला मार्ग तुमचे स्वतःचे ब्लू कार्ड. त्यासाठी पदवी जर्मनीत मान्य व्हावी लागते आणि ठराविक पगाराची नोकरी हातात असावी लागते. २०२५ सालासाठी ही मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. पण ज्यांना पदवी मिळून तीन वर्षे झालेली नाहीत त्यांना, तसेच माहिती तंत्रज्ञानासारख्या माणसांची टंचाई असलेल्या क्षेत्रांत, त्या वर्षी ४३,७५९.८० युरो पुरत होते. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षाचा आकडा पाहावा. स्पष्टच सांगायचे तर पदवी हातात पडताच, कामाचा काहीच अनुभव नसताना, बेळगावात बसून अशी नोकरी मिळवणे फार थोड्यांना जमते. दीड-दोन वर्षांचा अनुभव आणि कामापुरती जर्मन भाषा असेल, तर मात्र चित्र बदलते.

दुसरा मार्ग १ जून २०२४ पासून सुरू झाला आहे. त्याला तिकडे ‘शान्सेनकार्टे’ म्हणतात. आपण संधीपत्र म्हणू. नोकरी शोधण्यासाठी एक वर्षापर्यंत जर्मनीत राहता येते आणि त्या काळात आठवड्याला २० तास काम करता येते. तुमची पदवी जर्मन पदवीशी पूर्णपणे तुल्य ठरली, तर गुणांची अट लागत नाही. ती तशी ठरली नाही, तर किमान सहा गुण लागतात. तुमचा हिशेब मी मांडून पाहिला. वय ३५ च्या आत असल्याचे दोन, टंचाईच्या क्षेत्रातील पदवीचा एक, इंग्रजी सी-१ पातळीचे असेल तर त्याचा एक, असे चार होतात. (भाषेच्या या युरोपीय मोजपट्टीत ए-१ सर्वांत खालची आणि सी-२ सर्वांत वरची पातळी.) जर्मनची ए-२ पातळी झाली तर एकच वाढतो आणि तुम्ही पाचावर अडता. बी-१ झाली की दोन वाढतात आणि सहा पूर्ण होतात. शिवाय निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते, आणि २०२५ साली ती महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो होती. रुपयांत हे बारा-तेरा लाखांच्या घरात जाते. एवढ्या पैशासाठी आप्पांच्या शेतावर बोजा चढवू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगते.

आता पुण्याच्या नोकरीकडे पाहा. तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रवासाचा पहिला टप्पा तीच आहे. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, तिथे भाषा शिकता येते आणि परीक्षाही देता येते. नोकरी सांभाळून बी-१ पर्यंत पोचायला वर्षभर धरा. तेवढ्यात अनुभवाचे पहिले वर्ष पदरात पडते आणि चार पैसे स्वतःचे साठतात. एक बारीक गोष्ट आताच ध्यानात ठेवा. व्हिसाचा अर्ज तुम्ही जिथे राहता त्यावरून ठरतो. पत्ता खानापूरचा राहिला तर बेंगळूरचा वाणिज्य दूतावास, पुण्याचा झाला तर मुंबईचा. पासपोर्टवर एक पत्ता आणि भाडेकरारावर दुसरा, अशी स्थिती असेल, तर कोणत्या पत्त्यावर अर्ज करायचा हे आधी ठरवून त्याचे पुरावे जमवा.

कागदांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या सीमाभागातील मुलामुलींचे महिनेच्या महिने इथे जातात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि अनेकींचे माहेर पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, आजरा या बाजूला असते. त्यामुळे जन्मदाखला महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीचा व मराठीत, शाळेचे कागद कर्नाटकाचे, आणि पासपोर्ट तिसऱ्याच पद्धतीने नाव लिहिलेला, असे होऊन बसते. माझ्या भाचीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोराच होता, नुसते ‘स्त्री’ एवढे लिहिलेले. दहावीच्या गुणपत्रकावर वडिलांच्या नावाचे एकच आद्याक्षर होते आणि पासपोर्टवर वडिलांचे पूर्ण नाव तिच्या नावाला जोडून आले होते. ही तिन्ही माणसे एकच आहेत, हे सिद्ध करण्यासाठी तिला चंदगड तालुक्यात चार खेपा घालाव्या लागल्या. त्यातली एक खेप ग्रामसेवक त्या दिवशी दुसऱ्या गावी असल्यामुळे वाया गेली. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगाव’चे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, म्हणून जन्मस्थळाचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांवर एक आणि नव्यांवर दुसरे. हे सगळे कागद किंवा त्यांच्या नव्या प्रती मिळवून शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा आणि काही दुरुस्ती असेल तर पुण्याला जाण्याआधी करून घ्या. ‘अपॉस्टिल करून आणा’, म्हणजे परदेशात चालण्यासाठी कागदांवर सरकारी शिक्का घेऊन या, असे कोणी सांगितले, तर लगेच पैसे भरू नका. हा शिक्का एकमेकांत मान्य करणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ साली आला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवली होती. म्हणून दूतावासाच्या यादीत जे मागितले असेल तेवढेच करा.

डिसेंबरमधील गुपचूप लग्नाचा बेत कायद्याच्या चौकटीतही नीट बसत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यानंतर ३० दिवस थांबावे लागते. ती नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे आटोपत नाही, आणि कार्यालयाच्या फळ्यावर लागलेली नोटीस खानापूरच्या बाजारात पोचायला किती वेळ लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हा दोघांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही लग्न करता येईल. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात वीरशैव आणि लिंगायत यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे तुमच्या लग्नाला कायद्याची आडकाठी कुठेच नाही. अडचण फक्त घरात आहे, आणि घरातली अडचण घरातच सोडवावी लागते.

आता आप्पा. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांच्यासारखी माणसे आयुष्यभर जवळून पाहिली आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा त्यांचा जन्मही झाला नसेल. तरी ती सल त्यांना वडिलांकडून मिळाली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे वाहिली. हे तुम्ही मुलीने समजून घ्यायला हवे. मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहा. आप्पांचा लढा सक्तीशी होता. शेजाऱ्याशी त्यांचे वैर कधीच नसणार. खानापूरच्या आठवडी बाजारात भाव मराठीत सुरू होतो आणि कन्नडमध्ये ठरतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर दोन्ही भाषांतला उदो एकाच वेळी उठतो. तुमच्या आप्पांना कन्नड येत नाही, असे तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेले नाही, आणि ते येत नसेल यावर माझा विश्वास नाही. ज्या माणसाने आपल्या भाषेवर बळजबरी होऊ नये म्हणून तुरुंग पाहिला, त्याला मुलीच्या मनावरची बळजबरी काय असते ते समजावून सांगावे लागणार नाही. फक्त ते समजायला त्यांना वेळ द्यावा लागेल, आणि तो वेळच तुमच्या गुप्त बेतात कुठे नाही.

सांगायचे तर तुम्ही स्वतः सांगा. आईला पुढे करून स्वतः दाराआड उभ्या राहू नका. आधी फक्त जर्मनीच्या नोकरीचे सांगून मुलाचे नाव मागे ठेवणे तर अजिबात करू नका, कारण ते पुढे कळते, आणि मग दुखावते ते नाव नसते, लपवणे असते. मळणीची घाई उरकलेली असावी, घरात पाहुणे नसावेत. पुण्याची नोकरी घेते, जर्मन शिकते, माझ्या शिक्षणाच्या जोरावर जाते आणि लग्न करायचे ते याच मुलाशी, तुमच्या समोर, हे चारही मुद्दे एकाच बैठकीत सांगा. आप्पा कदाचित काहीच बोलणार नाहीत. महिना-दोन महिने घरात अबोला राहील. त्या अबोल्याला घाबरून नकार समजू नका आणि होकारही समजू नका. डिसेंबरमध्ये तो मुलगा येईल, तेव्हा त्याने निबंधकाच्या कार्यालयाऐवजी तुमच्या घरी यावे, ओसरीवर बसावे आणि जमेल तशा मराठीत स्वतः बोलावे. बैलहोंगलला त्याच्या घरी तुम्हीही तितक्याच मोकळेपणाने जावे. तिथेही एखादे आप्पा असतीलच.

एवढे करूनही आप्पांनी नाही म्हटले, तर तुम्ही सज्ञान आहात आणि निर्णय तुमचा आहे. त्या वेळीही मी तुमच्या बाजूने असेन.

आणि ती किल्ली. जन्मदाखल्याची नवी प्रत जन्माची नोंद जिथे झाली तिथून मिळते, दहावीच्या गुणपत्रकाची दुय्यम प्रत मंडळाकडून मिळते, पदवीचे कागद तर तुमच्याकडेच आहेत. म्हणजे कागदांसाठी ती ट्रंक उघडण्याची मुळीच गरज नाही. म्हणूनच ती आप्पांनी त्यांच्या हाताने उघडावी, यासाठी थांबण्यात अर्थ आहे.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली असून तिला जर्मनीला जायचे आहे. ओळखीतून भेटलेला एक एजंट पाच लाख रुपये मागतो. ‘भाषा तिकडे गेल्यावर शिकता येते’ असे तो म्हणतो आणि मूळ प्रमाणपत्रे जमा करायला सांगतो. मुलीचे भले व्हावे म्हणून तंबाखूचे पैसे आले की द्यावेत, असा विचार आहे. तुमचे मत कळवावे.
– एक पालक, निपाणी

उत्तर : पैसे देऊ नका आणि मूळ प्रमाणपत्रे तर क्षणभरही हातातून सोडू नका. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आहे, तिथे त्याचे नाव व नोंदणी क्रमांक शोधा. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते, आणि त्याची पावती द्यावी लागते. पाच लाख मागणारा माणूस इथेच उघडा पडतो.

भाषेबद्दल त्याने सांगितले ते तर साफ चुकीचे आहे. जर्मनीत परिचारिकेचा व्यवसाय नियमनाखाली येतो. तिथली मान्यता मिळाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही आणि त्या मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन भाषा मागितली जाते. मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करण्यासाठी आधी जायचे ठरले, तरी इथून काही पातळी गाठूनच जावे लागते. मुलीला भाषेच्या वर्गात घाला, राज्याच्या परिचर्या परिषदेची तिची नोंदणी चालू ठेवा आणि वर्षभर बेळगाव किंवा कोल्हापूरच्या एखाद्या रुग्णालयात तिला काम करू द्या. तुमचे तंबाखूचे पैसे कष्टाचे आहेत. ते वर्गाच्या आणि परीक्षेच्या शुल्कासाठी वापरा, तिथे ते कारणी लागतील.

प्रश्न : माझी नियोजित वधू नर्सिंग करून गेल्या वर्षी इंग्लंडला गेली आहे. लग्नानंतर मला तिच्यासोबत राहून तिकडे नोकरी करता येईल का? मे महिन्यासाठी मंगल कार्यालय पाहून ठेवले आहे.
– चिकोडी

उत्तर : याचे उत्तर ती कोणत्या पदावर गेली आहे यावर अवलंबून आहे. ती कुशल कामगार व्हिसावर नोंदणीकृत परिचारिका असेल, तर तुम्हाला पती म्हणून सोबत जाता येते आणि नोकरीही करता येते. परंतु नर्सिंग शिकलेल्या आपल्या अनेक मुली तिकडे ‘केअर वर्कर’, म्हणजे वृद्धांची व आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचारी, म्हणून गेल्या आहेत, आणि ११ मार्च २०२४ पासून त्या पदाच्या व्हिसासाठी अर्ज केलेल्यांना जोडीदार आणता येत नाही. ती शिक्षणासाठी गेली असेल, तरी जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना हीच बंदी लागू आहे. हे तुम्ही दोघांनी लग्नाआधी मोकळेपणाने बोलून घ्या. नोकरी देणाऱ्या संस्थेने व्हिसासाठी तिला दिलेल्या प्रायोजकत्व प्रमाणपत्रावरील पदाचे नाव आणि त्या पदाचा सांकेतिक क्रमांक वाचून दाखवायला तिला सांगा, आणि त्यानंतरच कार्यालयाची आगाऊ रक्कम भरा.